एनिड कॉल्बेकचे चार कोपरे

एनिड कॉल्बेक हिने घोड्यांचे जग बावीस वर्षे मोटारीच्या काचेतून पाहिले. एप्रिल ते सप्टेंबर, एकाआड एक रविवारी, लोगार्थच्या कुरणावर पांढऱ्या फळ्या मांडून चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद रिंगण आखले जाई, आणि त्याच्या टोकाशी परीक्षकाची मोटार उभी राही. परीक्षक चालकाच्या जागी बसत आणि एनिड त्यांच्या डाव्या हाताला. मांडीवर लाकडी पाटी, पाटीला चिमट्याने अडकवलेला गुणांचा कागद, आणि हातात पेन्सिल. दरीत पाऊस केव्हा येईल याचा नेम नसे आणि शाई पसरत असे, म्हणून पेन्सिलच. मोटारीचा भोंगा वाजला की स्वार आत येई. घोडा सरळ चालतो का, सांगितल्या जागी चारही पायांवर नीट थांबतो का, वर्तुळ खरोखर गोल काढतो का, चाल बदलताना डोके वर टाकतो का, एवढेच त्या ड्रेसाज नावाच्या परीक्षेत पाहायचे असे. परीक्षकाने प्रत्येक कृतीला दहापैकी गुण, लागल्यास अर्धाही, आणि त्यामागचे कारण तोंडाने सांगायचे, आणि एनिडने ते उतरवायचे.

लिहिणारीने बोलायचे नाही, असा तिथला दंडक होता. भोंगा वाजल्यापासून स्वार बाहेर पडेपर्यंत एनिडने बावीस वर्षांत एक शब्द काढला नव्हता. एकदा परीक्षकाच्या कुत्र्याने तिच्या पिशवीतला डुकराच्या मांसाचा पाव संपूर्ण खाल्ला, तेव्हाही ती पाच गुण आणि ‘पाठ ताठ’ हे शब्द लिहीत राहिली होती. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिने तीस वर्षे दीडशे मुलांना वाढले होते, आणि समोर गोंधळ चालू असता हातातले काम न थांबवणे ही विद्या तिने तिथेच कमावली होती.

लोगार्थला आणि भोवतालच्या चाळीसेक मैलांच्या टापूत मिळून दोन परीक्षक होते, आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर होते.

कॅप्टन ऑस्बर्ट लेलंड यांच्या मोटारीत ओल्या कुत्र्याचा आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास येई. पायावर केसांचे झुबके असलेले एखादे जाडजूड तट्टू आत आले की त्यांचा चेहरा उजळे. “सात. काय गोड जनावर आहे. कोपरा विसरलं, पण मनानं चांगलं आहे.” हे सगळे वाक्य त्या बोटभर रकान्यात मावत नसे, म्हणून एनिड लिही, ‘७. प्रसन्न. कोपरा?’

श्रीमती थ्रेलकेल्ड यांच्या मोटारीत कसलाच वास नसे, कारण एप्रिलचे बोचरे वारे असले तरी त्या काच खाली ठेवत. त्यांच्या तोंडून सात हा आकडा निघाल्याचे एनिडला अवघे तीन वेळा आठवत होते. तेच तट्टू त्यांच्यासमोर आले की त्या म्हणत, “पाच. कोपरा नाही.”

परीक्षेच्या कागदाच्या मागे गुणांचे अर्थ छापलेले असत: पाच म्हणजे पुरेसे, सहा म्हणजे समाधानकारक, सात म्हणजे बऱ्यापैकी चांगले. दोघेही तोच कागद वापरत आणि दोघांनाही आपण त्यातल्या शब्दाबाहेर गेलो नाही अशी खात्री होती. तरीही कॅप्टनसमोर सत्तर टक्के मिळवणारा घोडा श्रीमती थ्रेलकेल्डसमोर साठावर येई, आणि त्याचा स्वार आठवडाभर कोणाशी धड बोलत नसे. लोक म्हणत, एकाला दिसत नाही आणि दुसरीला काही आवडत नाही. एनिड तसे म्हणत नसे. दोन्ही मोटारींत बसलेली ती एकटीच होती, आणि कोपरा चुकला तेव्हा तो दोघांनाही दिसलेला असतो, हे तिने स्वतःच्या पेन्सिलीने शेकडो वेळा लिहिले होते. कॅप्टन चूक पाहून क्षमा करत, श्रीमती थ्रेलकेल्ड चूक पाहून करत नसत, इतकाच फरक.

या फरकाची झळ तिलाही लागत होती, कारण एनिड स्वतः स्वार होती. तिचा डीकन हे त्याच दरीत जन्मलेले काळे तट्टू, छाती पिंपासारखी, आयाळ खांद्याखाली लोंबणारी. ज्या रविवारी ती स्वारीला उतरे त्या रविवारी लिहायला दुसरी कोणी बसे. दरवर्षी सप्टेंबरात परगण्याची अंतिम स्पर्धा होई आणि प्रत्येक घोडेस्वार मंडळ तिथे चार स्वारांचा संघ पाठवी. लोगार्थ मंडळाची रीत अशी की, हंगामात कुठेही मिळवलेले दोन सर्वोत्तम टक्के ज्याचे जास्त, तो संघात. त्यामुळे ज्यांच्याकडे घोडा वाहून नेणारी गाडी होती ते सगळे चाळीस मैल ओलांडून कॅप्टनच्या स्पर्धांना जात आणि एकाहत्तर, बहात्तर घेऊन परतत. एनिडकडे तशी गाडी नव्हती. ती घरून निघून तीन मैल रस्त्याने डीकनवर बसूनच लोगार्थला येई, आणि तिथे कॅप्टन येत त्या दिवशी लिहायला तीच लागे, त्यामुळे तिच्या स्वारीच्या दिवशी मोटारीत नेमक्या श्रीमती थ्रेलकेल्ड असत. एकसष्ट. बासष्ट. एकदा साडेबासष्ट.

सहा वर्षे ती पाचवी आली, म्हणजे राखीव. राखीव स्वाराने संघासोबत जायचे, घोडे धरायचे आणि खाण्याचे बघायचे. मंडळात थट्टाही रुळली होती. एनिड संघात नसली तरी तिची अंड्याची सँडविचेस दरवर्षी न चुकता संघात असतात, असे सगळे म्हणत. ती हसे. मात्र त्या हिवाळ्यात घोड्यांच्या डॉक्टरांनी डीकनचा मागचा पाय वाकवून पाहिला आणि सांगितले की हा एक हंगाम तो आनंदाने काढील, पुढचे वचन देता येणार नाही. डीकन एकोणीस वर्षांचा होता आणि एनिड त्रेसष्टची. संघाचा हिरवा कोट अंगावर घालायचा तर याच वर्षी, हे तिला त्याच दिवशी कळले. घरी येऊन तिने नवऱ्याला, वॉल्टरला, चहा करून दिला आणि याबद्दल अवाक्षर काढले नाही.

फेब्रुवारीत मंडळाची वार्षिक सभा गावच्या सभागृहात भरली. आल्याचा केक वाटून झाला, कुंपणाच्या फळ्या रंगवायच्या की नाही यावर पाऊण तास वाद झाला, आणि चिटणीस मॉरिस डिन्सडेल यांनी आणखी कोणाला काही मांडायचे आहे का असे विचारले. ते विचारतानाच कागद आवरत होते, कारण आजवर कोणी कधी काही मांडले नव्हते. एनिड उभी राहिली. संघाची निवड हंगामभराच्या टक्क्यांवर करू नये, असे तिने मांडले. एक दिवस ठरवावा, सगळ्यांनी एकच परीक्षा द्यावी, आणि रिंगणाजवळ दोन मोटारी उभ्या कराव्यात. एकीत कॅप्टन, दुसरीत श्रीमती थ्रेलकेल्ड. दोघांचे टक्के मिळवून पहिले चार निवडावेत.

सभेत कुजबुज झाली. ते दोघे एका कुरणावर बसल्याला अकरा वर्षे झाली होती आणि त्या वेळी बसले तेव्हाही बरे झाले नव्हते. रोझलिंड पेटफर्ड हिने हात वर केला. तिच्याकडे हॉलंडहून आणलेला उंच तांबडा घोडा होता आणि बहात्तर टक्क्यांची मालकीणही तीच. बाई मनाने वाईट नव्हती. तिने सरळ शंका काढली.

“एनिड, त्या दोघांची मोजपट्टीच निराळी आहे गं. त्यांची बेरीज करून काय निघणार?”

“मोजपट्टी निराळी असू दे की,” एनिड म्हणाली. “माझा वॉल्टर तुझ्या मॉरिसपेक्षा उंच आहे. इंचात मोज, नाहीतर वितीत मोज. तो उंचच निघणार.”

मॉरिस डिन्सडेल खरोखर फार बुटके होते आणि अविवाहित असल्याने ते कोणाचेच मॉरिस नव्हते, त्यामुळे सभागृहात हशा पिकला. ठराव चौदा विरुद्ध अकरा मतांनी मंजूर झाला. घरी जाताना वॉल्टर म्हणाला, “आता बोललीस खरी. पण पाचवी आलीस तर काय करशील?”

“मग निदान खरीखुरी पाचवी असेन,” एनिड म्हणाली.

निवडीचा दिवस जुलैच्या मध्यावरचा ठरला. त्या पाच महिन्यांत एनिड नवे काही शिकली नाही, तिने जुनेच ऐकले. रोज सकाळी ती डीकनला मागच्या कुरणात नेई आणि तिच्या कानात श्रीमती थ्रेलकेल्डचा आवाज सुरू होई. कोपरा नाही. वर्तुळ अंड्यासारखे. थांबला, पण मागचा पाय मागेच राहिला. मंद चालीत लगाम सैल सोडला, मान खाली गेली नाही. डीकनची दुडकी चाल त्या तांबड्या घोड्यासारखी तरंगती कधीच होणार नव्हती, तिने ते मनावरही घेतले नाही. परंतु रिंगणाला चार कोपरे होते आणि प्रत्येक फेरीत ते पुन्हा येत होते. घाईत प्रत्येक घोडा ते कापतो आणि बहुतेक स्वार कापू देतात. एनिडने जुन्या दुधाच्या बरण्या चारही कोपऱ्यांत ठेवल्या आणि डीकनला त्यांच्या मागून नेले. पहिल्या आठवड्यात त्याने तीन बरण्या आडव्या केल्या.

आता या परीक्षेच्या कागदाविषयी सांगितले पाहिजे. परीक्षा कोणती आणि तिचा क्रम काय, हे छापील कागदावर असते. दोन वर्षांपूर्वी या परीक्षेची नवी आवृत्ती निघाली होती, आणि फरक जेमतेम एका ओळीचा होता. रिंगणाच्या कडेला अक्षरांच्या पाट्या असतात. जुन्या आवृत्तीत वीस मीटरचे वर्तुळ डाव्या लांब बाजूच्या मध्यावर, ‘ई’ या पाटीशी काढायचे होते; नव्यात ते समोरच्या बाजूला ‘बी’ पाटीशी नेले. पण छोट्या मंडळांत छापील कागद टाकून देणे पाप समजतात. जुने संपेपर्यंत जुनेच वापरायचे आणि लिहिणारीने ती ओळ खोडून वर दुरुस्ती करायची, अशी वहिवाट. गेले दोन हंगाम एनिडने प्रत्येक कागदावर ‘ई’ खोडून ‘बी’ लिहिले होते.

स्वाराला क्रम पाठ नसला तरी चालतो. कडेला उभ्या राहिलेल्या माणसाने तो मोठ्याने वाचून सांगायला परवानगी असते. वाचणारा चुकला तर मात्र दोष स्वाराचाच धरतात. एनिडसाठी नेहमी वॉल्टर वाची. त्याने आयुष्यभर डोंगरावर मेंढ्या हाकल्या होत्या, त्यामुळे त्याचा आवाज कुरणाच्या दुसऱ्या टोकाला सहज पोचे. डीकनलाही तो आवाज चांगला ओळखीचा होता. वॉल्टर ‘वर्तुळ’ म्हणाला की एनिडने पाय लावण्याआधीच डीकनचा कान आत वळे.

निवडीच्या दिवशी सकाळी एनिडने कपाटावर नवा कागद काढून ठेवला. लांबच्या चष्म्याविना वॉल्टरला तो दिसलाच नाही; त्याने पावाच्या डब्याखालच्या खणातून जुना काढला, घडी करून खिशात घातला, आणि डीकनच्या पाठोपाठ सायकलवरून निघाला.

कुरणावर दोन मोटारी उभ्या होत्या. ‘सी’ पाटीमागे, रिंगणाच्या माथ्याशी, श्रीमती थ्रेलकेल्ड; ‘बी’पाशी, लांब बाजूच्या मध्यावर, कॅप्टन. त्यांनी एकमेकांना दुरूनच, एकाने टोपी उचलून आणि दुसरीने मान लववून, नमस्कार केले, आणि बघणाऱ्यांनी तेवढ्यावर समाधान मानले. नऊ स्वार होते. रोझलिंड सहावी गेली. तिचा तांबडा घोडा पाण्यावरून सरकावा तसा सरकला आणि कुंपणापाशी उभे असलेले लोक टाचा उंचावून पाहू लागले. एनिड आठवी होती. डीकनवर बसून तिने ती स्वारी संपूर्ण पाहिली. दुडकी पाहून तिचा जीव थोडा झाला, आणि दुसरा कोपरा कापलेला पाहून पुन्हा जागेवर आला.

भोंगा वाजला. एनिड मध्यरेषेवरून आत आली, थांबली, मान लववून अभिवादन केले. डीकन चारही पायांवर टेबलासारखा उभा होता. वॉल्टरने वाचायला सुरुवात केली. सरळ पुढे दुडकीत, ‘सी’ला डावीकडे. पहिला कोपरा नीट झाला. डीकन जणू दुधाची बरणी अजून तिथेच आहे असा तिच्यामागून गेला. आता डावी लांब बाजू समोर आली.

“ई पाटीला डावीकडे वीस मीटर वर्तुळ,” वॉल्टर ओरडला.

डीकनचा डावा कान आत वळला. मान वळली. खांदा आत झुकू लागला. एनिडच्या मनात क्षणभर सगळे कोसळले, कारण वॉल्टर आजवर कधी चुकला नव्हता. आणि त्याच क्षणी तिला स्वतःची पेन्सिल दिसली. ‘ई’वर आडवी रेघ, वर ‘बी’. दोन हंगामांतल्या सगळ्या रविवारी, प्रत्येक कागदावर. तिच्या ओठांवर ‘नाही’ आले होते. पण स्वाराने रिंगणात तोंडातून आवाज काढला की गुण कापतात, आणि गप्प राहण्याची तिला बावीस वर्षांची सवय होती. तिने डावी पोटरी डीकनच्या बरगडीला लावली, उजवा लगाम मिटल्या मुठीत घट्ट धरली आणि ‘ई’ पाटीपलीकडे सरळ पाहत बसली. डीकनने अर्धे पाऊल विचार केला. मग त्याची मान सरळ झाली आणि पाटी मागे पडली.

कुंपणाशी वॉल्टरला वाटले, तिला ऐकू गेले नाही. त्याने तीच ओळ दुप्पट मोठ्याने पुन्हा वाचली. डीकनचा कान पुन्हा हलला. पाय हलले नाहीत. तेव्हा शेजारी उभी असलेली रोझलिंड पुढे झुकली आणि हळूच म्हणाली, “वॉल्टर, अहो, तो जुना कागद आहे.” वॉल्टरने कागदाकडे पाहिले, बायकोकडे पाहिले, कागदाची घडी केली आणि टोपी काढून छातीशी धरली, जशी लोक दफनाच्या वेळी धरतात.

त्यानंतर कुरणावर कोणीच काही वाचले नाही. खुरांचा आणि खोगिराच्या कातड्याचा तेवढा आवाज येत होता. एनिडने दुसरा कोपरा घेतला, तिसरा घेतला, ‘बी’ पाटीशी, कॅप्टनच्या मोटारीच्या अगदी नाकासमोर, वर्तुळ सुरू केले आणि जिथे सुरू केले तिथेच संपवले. मग हलकी दौड, मग मंद चाल. सैल सोडलेल्या लगामात डीकनने मान इतकी खाली नेली की त्याची आयाळ गवताला टेकली. पुढची प्रत्येक ओळ तिला येत होती. तिने ती इतरांसाठी इतक्या वेळा ऐकली होती की स्वतःसाठी कोणी वाचण्याची गरज उरली नव्हती. शेवटच्या थांब्यावर तिने अभिवादन केले आणि डीकनच्या मानेवर थोपटले.

बाहेर येताच वॉल्टर समोर उभा होता. त्याने फक्त कागद पुढे केला. एनिडने तो घेतला, त्यावरची न खोडलेली ओळ पाहिली आणि म्हणाली, “एकोणतीस वर्षांच्या संसारात तू सांगितलंस ते मी आज पहिल्यांदाच ऐकलं नाही, असं वाटतंय का तुला?” तेव्हा कुठे वॉल्टरने टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

बेरजेला तासभर लागला, कारण मॉरिस डिन्सडेल प्रत्येक बेरीज दोनदा करत आणि आज त्यांनी तीनदा केली. मग ते कुरणाशेजारच्या सभागृहाच्या पायरीवर चढले, तरी मागच्यांना दिसेनात, म्हणून खुर्ची आणली गेली. कॅप्टनच्या मोटारीतून आलेले आकडे साठाच्या वर आणि सत्तरीच्या पुढे होते, श्रीमती थ्रेलकेल्डच्या मोटारीतून आलेले पन्नाशीत आणि साठीत. तिसरा आणि चौथा क्रमांक दोघांनी उलटसुलट दिला होता. दुसरी दोघांच्याही मते रोझलिंड पेटफर्ड. आणि पहिली, कॅप्टनकडून साडेत्र्याहत्तर आणि श्रीमती थ्रेलकेल्डकडून साडेत्रेसष्ट टक्क्यांनी, एनिड कॉल्बेक.

लोगार्थचे लोक टाळ्या वाजवण्यात कंजूस आहेत, पण त्या दिवशी त्यांनी हात आखडता घेतला नाही. डीकनच्या लगामाला पहिल्या क्रमांकाची लाल फीत बांधली गेली आणि त्याने तिचे टोक लगेच तोंडात घेतले. रोझलिंडने एनिडला मिठी मारली. तिच्या डोळ्यांत थोडे पाणी होते; त्यातले थोडे स्वतःसाठी होते आणि तिने ते लपवले नाही.

“मोजपट्टीचं तुझं खरं निघालं,” ती म्हणाली. “आता एकच पंचाईत. सप्टेंबरात सँडविचेस कोण करणार?”

“वॉल्टर. त्याला आज काहीतरी शिक्षा व्हायलाच हवी.”

गुणांचे कागद हातात आले तेव्हा एनिडने ते दोन्ही एकमेकांशेजारी धरले. ‘ई’ पाटीजवळच्या सरळ रेषेसमोर कॅप्टनच्या कागदावर होते, ‘८. वाचणारा हरवला, स्वार सापडली.’ लिहिणारीने ते कसेबसे रकान्यात कोंबले होते. श्रीमती थ्रेलकेल्डच्या कागदावर त्याच जागी होते, ‘७. सरळ.’ तो सात एनिडने दोनदा वाचला. खाली, शेवटच्या अभिप्रायाच्या जागी, जिथे इतर परीक्षक तीन-चार ओळी लिहायला लावतात, तिथे दोनच शब्द होते. ‘कोपरे चारही.’

ती डीकनला घेऊन रस्त्याकडे निघाली तेव्हा श्रीमती थ्रेलकेल्डची मोटार फाटकाशी थांबलेली होती. काच अर्थातच खाली होती.

“मिसेस कॉल्बेक,” त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं तुम्ही माझ्या शेजारी बसलात. तुम्हाला हे सगळं येतं, हे कधी बोलला नाहीत.”

“लिहिणारीनं बोलायचं नसतं, मॅडम.”

श्रीमती थ्रेलकेल्ड यांनी एकदा डीकनकडे पाहिले. मग त्यांनी मोटार सुरू केली. त्या हसल्या असे वॉल्टर अजूनही छातीठोकपणे सांगतो. एनिड म्हणते, तो चष्मा घरी विसरला होता.

सप्टेंबरात हिरवा कोट तिच्या खांद्यांवर थोडा सैल पडला आणि बाह्या आत दुमडाव्या लागल्या. लोगार्थचा संघ परगण्यात दुसरा आला, आणि सँडविचेस खाण्यासारखी नव्हती यावर चौघांचेही एकमत झाले. पण ती पुढची गोष्ट. त्या जुलैच्या संध्याकाळी ती लाल फीत लावलेल्या डीकनवर बसून तीन मैल घरी गेली, वॉल्टर सायकलवर मागे. कॉल्बेकांच्या फाटकाआधी दगडी भिंतीला धरून एक काटकोनी वळण आहे. तिथे पोचताच डीकनला चाऱ्याचा वास आला आणि त्याने तो कोपरा बेधडक कापला. एनिडने लगाम सैल सोडला आणि त्याला कापू दिला.